आमच्या गल्लीची पावसाळी वाहिनी: प्रभाग समितीपासून स्थायी समितीपर्यंत

महापालिकेत एखादे काम मंजूर झाले म्हणजे समितीच्या सभागृहात सदस्यांनी हात वर केले, असे बहुतेकांना वाटते. १४० मीटरच्या एका पावसाळी वाहिनीमागे ऑगस्ट २०१८ ते जानेवारी २०२० असे सतरा महिने फिरल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. समितीपुढे जातो तो कागद. कागदात जे लिहिलेले नाही ते समितीला मंजूर करता येत नाही, आणि जे चुकीचे लिहिले आहे ते चुकीचेच मंजूर होते. म्हणून सगळी मेहनत कागद समितीकडे जाण्याआधी करायची असते. ती कशी, कुठे अडते, हे मापांसह आणि रकमांसह इथे लिहितो.

महापालिका पश्चिम महाराष्ट्रातली आहे, एवढे पुरे. मुंबई सोडली तर राज्यातल्या सगळ्या महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या एकाच कायद्याखाली चालतात, त्यामुळे समित्या, त्यांचे अधिकार आणि फायलीची वाट साधारण सगळीकडे सारखी. मुंबईचा कायदा १८८८ चा, नगरपरिषदांचा १९६५ चा. तिथे कलमे आणि मर्यादा वेगळ्या आहेत.

गल्ली दोन्ही बाजूंनी सोसायट्यांची, टोकाला नाला. रस्त्याखाली ३०० मिलिमीटरची जुनी वाहिनी. मध्यंतरी जुन्या डांबरावरच काँक्रीट ओतून रस्ता झाला. तेव्हापासून तासभर जोराचा पाऊस पडला की मधल्या पट्ट्यात गुडघाभर पाणी आणि तीन इमारतींच्या पार्किंगमध्ये गाळ. दर मे महिन्यात चेंबर साफ व्हायचे, तरी जूनमध्ये तेच.

पहिली चूक आमच्याच अर्जात होती. आम्ही लिहिले, "गटार तुंबते, दुरुस्त करावी." गटार हा शब्द वाचून आवक कक्षाने अर्ज ड्रेनेज विभागाकडे, म्हणजे मैलापाण्याकडे पाठवला. त्यांची जेटिंगची गाडी आली, मैलापाण्याची वाहिनी धुऊन गेली आणि तक्रार "निराकरण झाले" म्हणून बंद झाली. पाच आठवडे गेले. मैलापाणी आणि पावसाचे पाणी यांचे विभाग वेगळे, अंदाजपत्रकातली शीर्षे, म्हणजे खर्चाची खाती, वेगळी, ठेकेदारही वेगळे. अर्जाच्या विषयाच्या ओळीत "पावसाळी वाहिनी" हेच शब्द हवेत आणि "दुरुस्ती" की "नवीन वाहिनी टाकणे" तेही हवे. दुरुस्ती देखभालीच्या खर्चात पडते, नवीन वाहिनी भांडवली कामात. दोन्हींच्या मंजुरीची वाट निराळी असते.

दुसऱ्या अर्जाआधी माहिती अधिकारात दोन गोष्टी मागितल्या: जुन्या वाहिनीच्या कामाचे पूर्वगणनपत्रक (कामाची मापे आणि अंदाजित खर्च यांचा तक्ता) आणि मागच्या तीन वर्षांची साफसफाईची बिले. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींना पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. वाहिनीचा नकाशा कार्यालयाकडे नव्हता, पण पूर्वगणनपत्रकात व्यास सापडला. साफसफाईची बिले तिन्ही वर्षांची होती. याचा उपयोग असा की "चेंबर साफ करून घेऊ, मग बघू" या उत्तराला लेखी प्रत्युत्तर मिळाले: साफ केल्यावरही पाणी साचते, म्हणजे दोष वाहिनीच्या आकारात आहे.

आकाराचा हिशोब कठीण नाही आणि तो अर्जाला जोडलाच पाहिजे. गल्लीत ज्या क्षेत्राचे पाणी उतरते ते १.२ हेक्टर, म्हणजे १२,००० चौरस मीटर. जवळजवळ सगळे काँक्रीट, फरशी आणि गच्च्या, तेव्हा पडलेल्या पाण्यातले ८० टक्के वाहून येते असे धरले. तासाला ६० मिलिमीटर पाऊस धरला तर १२,००० गुणिले ०.०६ गुणिले ०.८, म्हणजे तासाला ५७६ घनमीटर, सेकंदाला १६० लिटर. आता ३०० मिलिमीटरचा काँक्रीटचा नळ ३०० ला १ (३०० मीटर लांबीला १ मीटर) अशा उतारावर पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला ५५ लिटरच्या आसपासच नेतो. त्याच उतारावर ४५० मिलिमीटरचा नळ १६५ लिटर नेतो. व्यास दीडपट केला की पाणी जवळपास तिप्पट जाते. हे एक वाक्य नगरसेवकांना, अभियंत्यांना, सगळ्यांना लगेच पटते. साठ सेंटिमीटरचा नळ मागणारेही आमच्यात होते. त्याने खर्च आणि खोली दोन्ही वाढतात, आणि नाल्याच्या तळाची पातळी आड येते, म्हणून ते सोडले.

सगळ्यात जास्त वेळ मी पातळ्यांवर घालवला आणि तो सगळ्यात जास्त उपयोगी पडला. कनिष्ठ अभियंत्यांच्या पहिल्या पूर्वगणनपत्रकात खोदाई सरसकट १.२ मीटर धरली होती, म्हणजे १४० मीटर लांब, १ मीटर रुंद, १.२ मीटर खोल: १६८ घनमीटर. रस्ता नाल्याकडे एकसारखा उतरतो असे त्यात गृहीत होते. आम्ही गवंड्यांकडे असते ती पारदर्शक लेव्हल नळी घेतली, १५ मीटरची. एक टोक वरच्या चेंबरपाशी धरायचे, दुसरे पुढच्या खुणेपाशी, पाणी थांबले की भिंतीवर पेन्सिलीने रेघ, आणि रेघेपासून रस्त्यापर्यंत टेपने माप. नळीत एक जरी बुडबुडा राहिला तरी रेघ खोटी येते. म्हणून पाणी बादलीतून हळू ओढून घ्यायचे आणि दोन्ही टोके शेजारी शेजारी धरून पातळी जुळते का ते आधी बघायचे. ऊन चढले की नळी तापते, बुडबुडे सुटतात, त्यामुळे सकाळी सात ते नऊच. टोकापर्यंत जाऊन परत सुरुवातीच्या खुणेवर यायचे. आमचा फरक ८ मिलिमीटर आला, तो चालण्यासारखा होता.

त्यातून निघाले ते असे: वरच्या चेंबरपासून मोजले तर ११२ मीटरवरचा रस्ता ८४ मीटरवरच्या रस्त्यापेक्षा ११ सेंटिमीटर उंच होता. जुन्या डांबराचा उंचवटा काँक्रीटखाली तसाच राहिला होता. पाणी ८४ मीटरच्या आसपास साचायचे ते याच कारणाने. रस्ता वर चढला तरी नळाने खालीच उतरले पाहिजे. १४० मीटरला ३०० ला १ प्रमाणे एकूण ४७ सेंटिमीटर. म्हणजे उंचवट्याखाली खोदाई १.८ मीटरपर्यंत जाणार. सगळे धरून खोदाई १६८ ऐवजी २१७ घनमीटर निघाली. ही चूक कागदात राहिली असती तर काम सुरू झाल्यावर ठेकेदाराने जादा बाब म्हणून बोट दाखवले असते, काम उघड्या खड्ड्यासह थांबले असते आणि जादा खर्चाची मान्यता घ्यायला फाईल पुन्हा समितीकडे गेली असती. अर्धवट पडलेल्या कामांमध्ये हे कारण फार वेळा असते.

मी कागद घेऊन गेलो तेव्हा कनिष्ठ अभियंता म्हणाले, "काका, लेव्हल आम्हाला आमच्या यंत्राने घ्यावी लागेल, पण तुमचा कागद जोडतो." आठवड्याने त्यांनी ऑटो लेव्हल लावून मापे घेतली. दोन्हींत दीड सेंटिमीटरच्या वर फरक कुठेच नव्हता. अभियंत्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला तपासता येईल असे माप हातात देणे चांगले.

त्याच कागदात आणखी एक गोष्ट राहिली होती. सहा चेंबर होते, दर २८ मीटरला एक, पण रस्त्यावरचे पाणी आत घेणाऱ्या जाळ्या एकही नव्हत्या. नळ मोठा आणि पाणी रस्त्यावरच, असे काम शहरात दोन ठिकाणी झालेले आम्ही पाहिले होते. दर १५ मीटरला एक अशा १० बिडाच्या जाळ्या आणि प्रत्येकीपासून चेंबरपर्यंतचा जोडनळ पूर्वगणनपत्रकात घालून घेतला. नळ एनपी-३ वर्गाचा हवा, हेही लिहून घेतले. एनपी-२ हलका असतो, गाड्या जातात त्या रस्त्याखाली तडकतो. एनपी-३ चा एक नळ अडीच मीटरचा. चेंबरांची जागा सोडून आम्हाला सुमारे ५५ लागले. जीएसटीसह पूर्वगणनपत्रक १० लाख ७४ हजारांचे झाले.

आता प्रभाग समिती. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या आल्या. आपल्या कायद्यात त्या कलम २९-अ मध्ये आहेत. त्या हद्दीतले सगळे नगरसेवक, क्षेत्रीय कार्यालयाचा प्रमुख अधिकारी आणि सामाजिक संस्थांतून घेतलेले जास्तीत जास्त तीन सदस्य. या शेवटच्या तिघांकडे कोणी जात नाही, वास्तविक त्यांना विषय समजून घ्यायला वेळ असतो. पाणी, ड्रेनेज, स्वच्छता आणि पावसाचे पाणी याबद्दलच्या तक्रारी लवकर सोडवणे हे या समितीचे काम म्हणून कायद्यातच लिहिले आहे; आमच्या पत्राची पहिली ओळ तीच होती. त्याशिवाय भागातल्या खर्चाचे प्रस्ताव आयुक्तांकडे जाण्याआधी त्यावर शिफारस करणे, आणि अंदाजपत्रकात तरतूद असेल तर पाच लाखांपर्यंतच्या कामाला स्वतः मान्यता देणे, हे दोन अधिकार.

नागरिकाला समितीत थेट विषय मांडता येत नाही. एक तर अधिकाऱ्याने विषयपत्र, म्हणजे प्रस्तावाची लेखी टिप्पणी, ठेवावे लागते किंवा नगरसेवकांनी सूचक आणि अनुमोदक म्हणून सह्या करून प्रस्ताव द्यावा लागतो. आम्ही दुसरा रस्ता धरला, कारण त्याला तारीख असते. आमच्याकडे समितीची बैठक महिन्यातून एकदा; विषयपत्रिका निघण्याआधी चार दिवस प्रस्ताव पोहोचला नाही तर महिना गेला.

तिथे एक सूचना आली: कामाचे तीन तुकडे करा, प्रत्येक पाच लाखांच्या आत, इथल्या इथे मंजूर करून टाकू. ऐकायला फार सोयीचे वाटते. आम्ही नको म्हटले, आणि कोणीही नकोच म्हणावे. एक, मर्यादा चुकवण्यासाठी कामाचे तुकडे पाडले तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि बिल अडकते. दोन, वाहिनीचे काम खालून वर, नाल्याकडून सुरू करावे लागते. वरचा तुकडा आधी मंजूर होऊन झाला आणि खालचा पुढच्या वर्षावर गेला, तर ४५० चे पाणी ३०० मध्ये ढकलले जाते आणि पूर येण्याची जागा फक्त बदलते. आमच्या नगरसेविका ताईंना हे समजल्यावर त्यांनीच बैठकीत तुकड्यांना विरोध केला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये शिफारशीचा ठराव झाला. आठ दिवसांनी प्रत हातात आली तर मजकूर एवढाच: "सदर ठिकाणी पावसाळी वाहिनी टाकण्यात यावी." व्यास नाही, लांबी नाही, जाळ्या नाहीत, नाल्यापर्यंत की नाही तेही नाही. अशा ठरावावर उद्या कोणीही ३०० मिलिमीटरचा ६० मीटर नळ टाकून काम पूर्ण दाखवू शकतो. विषयपत्रात सगळे होते, ठराव लिहिताना गळले होते. अशी लेखनातली चूक पुढच्या बैठकीत इतिवृत्त (आधीच्या बैठकीचा लेखी वृत्तांत) कायम होताना सुधारता येते, एकदा कायम झाले की नाही. डिसेंबरच्या बैठकीआधी ताईंकडून लेखी दुरुस्ती दिली आणि ठरावात आले: "४५० मिमी व्यासाची, १४० मीटर लांबीची, १० जाळ्यांसह, नाल्याच्या तोंडापर्यंत." ठरावाची प्रत वाचून बघणे हे या सगळ्या प्रक्रियेतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

शिफारस म्हणजे पैसे नव्हेत. पैसे अंदाजपत्रकातून येतात. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला, म्हणजे खर्चाला मान्यता देणाऱ्या नगरसेवकांच्या समितीला, सादर करतात, स्थायी त्यात फेरफार करून सर्वसाधारण सभेपुढे ठेवते, आणि ३१ मार्चच्या आत ते अंतिम व्हावे लागते. आयुक्तांचा आराखडा क्षेत्रीय कार्यालयांकडून साधारण हिवाळ्यात गोळा होतो, त्यामुळे जानेवारीत जागे झालेल्याला त्या वर्षी काही मिळत नाही. काम नावानिशी छापून यावे लागते. "प्रभागात पावसाळी वाहिन्या टाकणे" अशी ढोबळ तरतूद असली तर त्यातून कोणाचे काम आधी हे पुढे वर्षभर ठरत राहते. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून कामे मागवून अंदाजपत्रकात घालायची पद्धत आहे. आमच्याकडे तशी सोय नाही, म्हणून नगरसेवकांमार्फतच जावे लागले.

आमचे काम नावानिशी आले, पण १० लाख ७४ हजारांऐवजी ८ लाख. स्थायीत उपसूचना, म्हणजे मूळ प्रस्तावात बदल सुचवणारे प्रस्ताव, येऊन बऱ्याच कामांना कात्री लागली होती. पूर्ण तरतुदीशिवाय निविदा काढता येत नाही. उरलेले २ लाख ७४ हजार आणायचे ते वर्गीकरणाने, म्हणजे एका शीर्षाची शिल्लक दुसऱ्या शीर्षाकडे वळवून. त्यालाही स्थायीची मान्यता लागते. ज्या कामातून पैसे काढायचे त्या कामाच्या नगरसेवकाचे पत्र सोबत असले की फाईल फिरते, नसले तर पडून राहते. आमच्या प्रभागात बाके बसवण्यासाठी ३ लाख होते, ती खरेदी झालेली नव्हती. ताईंनी ते वळवायला पत्र दिले. मात्र १० मार्च २०१९ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि वर्गीकरण जूनच्या बैठकीपर्यंत लांबले. तो पावसाळा गेला.

जुलैत निविदा. प्रभागातली चार पावसाळी कामे एकत्र करून ४१ लाखांची एकच निविदा काढली. एकत्र केल्याने बरा ठेकेदार येतो हे खरे, पण एक काम अडले की बिलासाठी चारही अडतात. दोन पाकीट पद्धत: पहिल्यात कागदपत्रे आणि अनुभव, दुसऱ्यात दर. सर्वांत कमी दर १८ टक्के खाली आला, म्हणजे ३३ लाख ६२ हजार. लोक याला बचत म्हणतात. मला ती धोक्याची सूचना वाटते, कारण नळ मोजता येतात, जाळ्या मोजता येतात, तेव्हा कमी केलेले पैसे वसूल होतात ते नळाखाली घालायच्या थरातून आणि भरावाच्या दाबाईतून, जे एकदा झाकले की दिसत नाही. आमच्या निविदेत दहा टक्क्यांच्या खाली गेलेल्या दराला जादा अनामत रक्कम भरायची अट होती. ती भरली का, हे विचारून घ्यावे.

ठरावीक रकमेच्या वरच्या ठेक्याला कलम ७३ नुसार स्थायी समितीची मान्यता घ्यावीच लागते, म्हणून फाईल स्थायीकडे. स्थायीत १६ सदस्य आणि दरवर्षी निम्मे निवृत्त होतात, त्यामुळे फेब्रुवारीत ज्यांना भेटलो त्यांतले काही ऑगस्टमध्ये समितीत नव्हते. आम्ही सोळाही सदस्यांना एकच पान दिले: एका बाजूला साचलेल्या पाण्याचा तारखेसह फोटो आणि १६० लिटर विरुद्ध ५५ लिटरचा हिशोब, दुसऱ्या बाजूला प्रभाग समितीचा ठराव क्रमांक, अंदाजपत्रकातले पान आणि वर्गीकरणाचा ठराव क्रमांक. जास्त कागद कोणी वाचत नाही.

विषयपत्रिका नगरसचिव कार्यालयातून निघते. विषयपत्र हाती आले की आधी चार आकडे बघावेत: तरतूद, त्यातली शिल्लक, पूर्वगणनपत्रकाची रक्कम आणि निविदेचा दर. शिल्लक कमी दाखवली असेल तर लेखा विभागाचा शेरा येणार आणि विषय परत जाणार. आमच्यात वर्गीकरणाची रक्कम नोंदायची राहून गेली होती, शिल्लक ८ लाखच दिसत होती. बैठकीच्या दोन दिवस आधी लेखा विभागात जाऊन ती नोंद घालून घेतली.

स्थायीतल्या शब्दांचे अर्थ समजून घेतले नाहीत तर आपला विषय मेला की जगला तेच कळत नाही. "तहकूब" म्हणजे पुढच्या बैठकीत आपोआप येईल. "अभिप्रायार्थ" म्हणजे प्रशासनाकडे माहितीसाठी गेला. तो परत आणायला पाठपुरावा लागतो, नाही तर तिथेच राहतो. "दप्तरी दाखल" म्हणजे संपला, पुन्हा नवा प्रस्ताव. "उपसूचनेसह मान्य" म्हणजे मान्य झाला, पण काय बदलून, ते उपसूचना वाचल्याशिवाय कळणार नाही. आणि "ऐनवेळचा विषय" छापील पत्रिकेत नसतोच. त्यात आपल्या कामाचे पैसे दुसरीकडे वळले तर कळते ते ठराव झाल्यावर. आमचा विषय पहिल्यांदा गणसंख्येअभावी तहकूब झाला. दुसऱ्यांदा एका सदस्याने चार कामे एकत्र का केली असे विचारले आणि तो अभिप्रायार्थ गेला. आम्ही त्याच दुपारी कार्यकारी अभियंत्यांकडे गेलो, अभिप्राय तीन दिवसांत लिहून घेतला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकमताने मंजूर.

ठरावात एक वाक्य असावे लागते: "इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता अंमलबजावणी करण्यात यावी." ते नसेल तर फाईल पुढच्या बैठकीपर्यंत हलत नाही. आम्ही ते आधीच सुचवले होते आणि ते आले. तरीही उपयोग झाला नाही. ठेकेदाराने सुरक्षा ठेव भरून करारनामा करायला दोन आठवडे घेतले आणि २१ सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. आचारसंहितेत नियम असा की कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) दिला असला तरी जागेवर प्रत्यक्ष काम सुरू झालेले नसेल तर ते सुरू करता येत नाही. कार्यादेश नोव्हेंबरमध्ये. मंजुरीच्या आठवड्यातच ठेकेदाराला गाठून ठेव आणि मुद्रांकाची तयारी करून घ्यायला हवी होती. ते आम्ही केले नाही.

पुढे, २०२२ पासून, बहुतेक महापालिकांत नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक होते. तेव्हा स्थायीचे आणि सभेचेही अधिकार प्रशासकाकडे गेले. तरी विषयपत्र, तरतूद, पूर्वगणनपत्रक, निविदा ही कागदांची साखळी तशीच राहिली. फरक इतकाच की सोळा जणांऐवजी एकाला पटवायचे, आणि ठराव होण्याआधी विषय बाहेर कळण्याची सोय कमी.

काम डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. पहिल्या दिवशी चाचणी खड्डे घ्यायला लावले. ७० मीटरवर १५० मिलिमीटरची पिण्याच्या पाण्याची वाहिनी बरोबर आमच्या नळाच्या वाटेत निघाली. पाणीपुरवठा विभागाने दोन बेंड घालून ती वर उचलली, त्यात चार दिवस गेले. सगळी चर खणून झाल्यावर ती सापडली असती तर रस्ता महिनाभर उघडा राहिला असता.

जागेवर काय बघावे? नळावर एनपी-३ चा शिक्का. जोडाच्या खोबणीत रबरी कडे बसले का, की ते न घालताच वर सिमेंट लिंपले. दोन चेंबरांमध्ये दोरी ताणून प्रत्येक नळाचा माथा; २८ मीटरला उतार ९ सेंटिमीटरच्या थोडा वर हवा. भराव एकदम न टाकता वीत-वीत थरांत, पाणी मारून, दाबून. इथेच ठेकेदार घाई करतो. आम्ही रोज दोन जण आळीपाळीने उभे राहिलो, तरी एका शनिवारी संध्याकाळी आठ मीटरचा भराव एका ट्रॉलीत झाला. तो काढायला लावता आला नाही. पुढच्या पावसाळ्यात बरोबर तिथेच काँक्रीटचा पट्टा ६ सेंटिमीटर खचला. वरच्या काँक्रीटला दहा दिवस पाणी मारायला सांगितले होते, पाच दिवस मारले गेले. उरलेले पाच दिवस सोसायट्यांनी आपल्या नळाने मारले.

मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे ज्यावरून बिल निघते त्या झालेल्या कामाच्या मापांच्या वहीत, नोंदी होताना हजर राहता येते का, असे लेखी विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. आमच्या नोंदीत जाळ्या १० आणि जोडनळ ८ निघाले. दोन जाळ्यांखाली नळच नव्हता, नुसता खड्डा. बिल त्या दोन जोडनळांसाठी थांबले, आठवड्यात ते बसले.

जून २०२० मध्ये पहिल्या मोठ्या पावसात ८४ मीटरवर पाणी आले ते टाचेपर्यंत, आणि पाऊस थांबल्यावर पंधरा मिनिटांत उतरले. पार्किंगमध्ये आले नाही. नाला काठोकाठ भरला तेव्हा मात्र शेवटच्या चेंबरमध्ये पाणी उलटे चढले. तोंडाशी झडप बसवायला हवी होती, ती पूर्वगणनपत्रकात आम्हीच धरली नव्हती. खचलेला पट्टा दोषदायित्व कालावधीत, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीत, होता. कार्यादेशाचा क्रमांक, मोजमापाची तारीख आणि टेप लावलेला फोटो जोडून पत्र दिले, ठेकेदाराने ऑक्टोबरमध्ये आठ मीटर फोडून पुन्हा केले.

एक काम राहिले होते आणि ते कोणी सांगितले नव्हते. नवी वाहिनी झाली म्हणून ती पावसाळापूर्व साफसफाईच्या यादीत आपोआप येत नाही. यादी जुन्या नोंदीवरून दरवर्षी तशीच पुढे चालते, त्यामुळे मे २०२० मध्ये आमचे सहा चेंबर आणि दहा जाळ्या कोणी उघडल्याच नव्हत्या. क्षेत्रीय कार्यालयात चेंबरांचे क्रमांक, जागा आणि लांबी यांचा तक्ता देऊन नोंद मागितली. एप्रिल २०२१ च्या यादीत वाहिनी आली, पण लांबी १४० ऐवजी १२० मीटर लिहिली होती, म्हणजे नाल्याकडचा शेवटचा चेंबर बाहेर राहत होता. मोजमाप पुस्तिकेच्या पानाची प्रत जोडून दुरुस्तीचे पत्र दिले आणि सहावा चेंबर त्याच महिन्यात साफ झाला.